लेड झेपलिन थ्री: फिरत्या चाकाची जुनी एलपी पारखावी कशी, वाजवावी कशी आणि तिच्यासाठी भांडावं कसं

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा तिसरा अल्बम म्हणजे 'थ्री'. त्याची रेकॉर्ड घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी मी टर्नटेबलच्या आर्मच्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. कारण काय, तर 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' लागलं की कुठून तरी कुईं-कुईं असा बारीक आवाज यायचा, वंगण संपलेल्या झोपाळ्याच्या कडीसारखा. तेल घालूनही आवाज तसाच. मग वाटलं सुई गेली. मग वाटलं विकणाऱ्याने फसवलं. आठवड्याने ओळखीतल्या एका जुन्या संग्राहक काकांकडे हीच एलपी ऐकली, तर तिथेही तीच कुईं-कुईं. काका म्हणाले, "अरे, तो ड्रमचा पेडल आहे. १९७० पासून कुरकुरतोय." बँडचा ड्रमर जॉन बॉनमच्या पायाखालचा लुडविग स्पीड किंग पेडल, रेकॉर्डिंगमध्ये जसाच्या तसा राहिलेला. माझ्या आर्मच्या बेअरिंगमध्ये मात्र तेलावर धूळ बसली ती बसलीच. तो दुरुस्तीला द्यावा लागला.

तेव्हापासून जुन्या रेकॉर्डी घ्यायला लागलेल्या कोणालाही मी ही एलपी सुचवतो. प्रतीचा दोष कुठला, मशीनचा कुठला आणि वादकांनीच ठेवलेला आवाज कुठला, याची इतकी सरमिसळ दुसऱ्या कुठल्या रॉक रेकॉर्डवर मला तरी भेटलेली नाही. शिवाय झेपलिनच्या घरात हे लेकरू जरा सावत्रच राहिलं. अमेरिकेतल्या प्रमाणित विक्रीत दुसरा अल्बम १ कोटी २० लाखांवर, चौथा २ कोटींच्या पार, आणि मधला हा ६० लाखांवर. ६० लाख म्हणजे काही पडेल माल नव्हे, पण दोन्ही भावंडांकडे बघितलं की दुजाभाव दिसतो.

कुठली प्रत शोधायची

अल्बम आला ऑक्टोबर १९७० मध्ये. ब्रिटिश पहिली छपाई अटलांटिक कंपनीच्या लालसर-जांभळट लेबलवर आहे, क्रमांक २४०१ ००२. अमेरिकन प्रतीचं लेबल हिरवं-नारिंगी, क्रमांक एसडी ७२०१. अमेरिकन प्रत हातात आली की लेबलच्या कडेचा पत्ता वाचा. '१८४१ ब्रॉडवे' असेल तर छपाई साधारण सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातली. '७५ रॉकफेलर प्लाझा' असेल तर त्यानंतरची. विकणारा "ओरिजिनल सत्तरची" म्हणत असेल आणि लेबलवर रॉकफेलर असेल, तर वाद घालू नका, फक्त बोट ठेवा. भाव आपोआप खाली येतो.

गाणी संपतात आणि लेबल सुरू होतं त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात हाताने कोरलेले आकडे-अक्षरं असतात. या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर तिथे एका बाजूला 'डू व्हॉट दाऊ विल्ट' आणि दुसऱ्या बाजूला 'सो मोट बी इट' असं कोरलेलं सापडतं. ॲलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याच्या पंथातली ही वचनं, बँडचा गिटारवादक जिमी पेजला त्याचं वेड होतं. ती कोरली मेम्फिसचा ध्वनिमुद्रक टेरी मॅनिंग याने. या अक्षरांपायी लोक भरपूर पैसे मोजतात. माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीत त्यामागे लागू नका. अक्षरं आहेत पण खोबण्या झिजल्यात, अशी प्रत भिंतीवर टांगायलाच बरी.

ऐकायला घ्यायची असेल तर दोन रस्ते: सत्तरच्या दशकातली कुठलीही स्वच्छ प्रत, किंवा पेजच्या देखरेखीखाली नव्याने मास्टर होऊन २०१४ मध्ये आलेली १८० ग्रॅमची आवृत्ती. मूळ कव्हरच्या आत चित्रांचं चाक बसवलेलं असतं, ते फिरवलं की कव्हरच्या भोकांतून चित्रं सरकतात. नव्या आवृत्तीच्या कव्हरलाही खरं फिरणारं चाक आहे. मधल्या काळातल्या काही स्वस्त आवृत्त्यांत नुसतं चित्र छापलंय. फोटो बघून मागवत असाल तर विकणाऱ्याला चाक फिरवतानाचा व्हिडिओ मागा.

बाजारात, पाच मिनिटांत

मुंबईत चोर बाजारची मटन स्ट्रीट, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, आणि सगळीकडे ओळखीतली एखादी आत्या, जिच्या माळ्यावर काकांच्या कॉलेजच्या रेकॉर्डी पडून आहेत. काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून नव्या विदेशी एलपी बहुतेक ऑनलाइनच येतात. जुन्या मालासाठी मात्र हात काळे करायलाच हवेत.

माझी प्रत जुन्या बाजारातली. जुन्या टेपरेकॉर्डरच्या ढिगाखाली होती. विकणारे दादा कव्हरच्या कडेला अंगठा लावून आतलं चाक फिरवत म्हणाले, "बघा साहेब, पोरांना खेळणं पण आहे यात." भोकांतून फुलपाखरं, विमानं, वादकांचे चेहरे सरकत होते. झॅक्रॉन नावाच्या चित्रकाराचं हे काम. पेजला स्वतःला ते शेवटी फारसं रुचलं नव्हतं, पोरकट वाटलं. मला मात्र त्या चाकानेच गंडवलं. मी चाक बघत बसलो आणि रेकॉर्ड बघायची राहिली. एक चरा घरी आल्यावर दिसला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कव्हरच्या आत नाक घाला. कोंदट, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुरशी आहे, आणि ती तुमच्या बाकीच्या कव्हरांकडे जाणार आहे. मग चाक दोन पूर्ण फेरे फिरवा. अडखळलं तर आतला पुठ्ठा ओलीने फुगलाय किंवा मधली रिव्हेट सैल आहे. जोर लावू नका, भोकांच्या कडा फाटतात.

आता रेकॉर्ड कडांना धरून बाहेर काढा, पृष्ठभागाला बोट नको. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सरळ उजेडात चरे लपतात, तिरक्यात उभे राहतात. केसासारख्या पुसट रेघा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाच्या टोकाला अडेल असा चरा मात्र वाजणारच. चरा खोबणीच्या दिशेने गेला असेल तर तो आडव्या चऱ्यापेक्षा वाईट, कारण तिथे सुई अडकते आणि तेच तेच वाजत राहतं. मग रेकॉर्ड डोळ्याच्या रेषेत आडवी धरून हळू फिरवा. कड वरखाली होत असेल तर ती वाकलीय. थोडी लाट चालते, ताटलीसारखा खोलगटपणा चालत नाही. शेवटी लेबलवरच्या भोकाभोवती बघा. तिथे पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर पूर्वीचा मालक अंधारात चाचपडत रेकॉर्ड चढवायचा, आणि ती बरीच वाजलीय.

विकणारे मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी म्हणजे व्हेरी गुड प्लस, व्हीजी असे उतरते दर्जे सांगतात. सांगितलेला दर्जा मनातल्या मनात एक पायरी खाली आणा आणि मग भाव करा. या अल्बमला दोन दर्जे विचारायचे, रेकॉर्डचा वेगळा आणि कव्हरचा वेगळा. चाकामुळे कव्हरचा भाव बरेचदा रेकॉर्डपेक्षा चढा लावलेला असतो.

धुणं

बाजारातून आलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय सुईखाली घालू नका. धुळीचे कण सुई खोबणीच्या भिंतीत दाबते आणि मग ते कायमचे तिथले.

एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार सुकून खोबणीत राहतात. लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, मऊ केसांचा ब्रश घ्या आणि खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून घ्या आणि मायक्रोफायबरच्या कपड्याने टिपा. घासू नका, टिपा. भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर संध्याकाळी हातात पापड येईल.

तेलकट डाग असतील तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण फक्त विनाइलला. आजोबांच्या ट्रंकेतल्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलने लाख विरघळते. एका मित्राने याच हौसेने एक तबकडी चिकट करून ठेवली. त्या तबकड्यांना सुईही वेगळी लागते, सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते.

वाजवण्याआधी

सुटकेसच्या आकाराचे गोंडस प्लेयर मिळतात, ते दिवाणखान्यात शोभतात. त्यातले बरेचसे सुईचा पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतात, आणि चाकाच्या एलपीवर तो मी घालणार नाही. जिचा भार आपल्याला ठरवता येतो अशी मशीन घ्या. आर्मचं वजन मागेपुढे करून तो हवेत तरंगेल असा तोला, तिथे काटा शून्यावर आणा, मग कार्ट्रिजला (आर्मच्या टोकाची सुईची डबी) लागतो तेवढा भार द्या. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टू-एम रेडला १.८. काट्यावर विसंबू नका, सोनाराच्या तराजूची छोटी आवृत्ती काहीशे रुपयांत मिळते. अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला मध्याकडे ओढलं जाऊ न देणारी कळ, तेवढ्याच आकड्यावर. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, त्यामुळे तो वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतोच. सतत घूं ऐकू आली तर अर्थिंगची बारीक वायर लावायची राहिलीय.

१.८ सेकंदांची परीक्षा

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आडव्या चऱ्यावरून सुई दर फेऱ्याला एकदा जाते, म्हणून चऱ्याची टिकटिक बरोबर १.८ सेकंदांनी येते. लेबलवरच्या एखाद्या अक्षरावर नजर ठेवा. दर वेळी ते अक्षर त्याच जागी असताना आवाज आला, तर दोष या प्रतीत आहे. सूर याच अंतराने वरखाली डोलत असेल तर रेकॉर्ड वाकलीय किंवा मधलं भोक जरा बाजूला पडलंय. सूर डोलतोय पण फेऱ्याशी जुळत नाही, तर बेल्ट किंवा मोटर. आणि आवाज तालाबरोबर येत असेल तर तो वाजवणाऱ्याचा आहे. बॉनमचा पेडल त्याच्या पायाबरोबर कुरकुरतो, लेबल कुठेही असो. हे मला तेलाच्या डबीआधी कळायला हवं होतं.

आता ही परीक्षा या एलपीवर लावा. 'इमिग्रंट साँग'च्या आधी फुसफुस येते आणि मागे कोणीतरी आकडे मोजतंय असं वाटतं. ते टेपवरच आहे. 'फ्रेंड्स' सुरू होण्याआधी स्टुडिओतली कुजबुज आहे. 'फ्रेंड्स' संपताना एक खोल घरघर उरते आणि तिच्यातूनच 'सेलिब्रेशन डे' उगवतं. त्या गाण्याची सुरुवात ध्वनिमुद्रकाच्या हातून चुकून पुसली गेली होती, म्हणून सिंथेसायझरचा तो सूर ताणून भोक बुजवलं. अपघाताची डागडुजी, पण मला ती अल्बममधली सगळ्यात सुंदर जागा वाटते. बी बाजूवर 'टँजरीन' एकदा सुरू होतं, थांबतं, आणि पुन्हा सुरू होतं. सुई उडाली म्हणून धावू नका. शेवटच्या 'हॅट्स ऑफ टू रॉय हार्पर'मध्ये गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो, तोही मुद्दाम.

एक खरा दोष मात्र शेवटाकडे शोधायचा. बाहेरच्या खोबणीत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेकॉर्ड सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तितक्याच कमी जागेत तोच आवाज कोंबलेला, म्हणून झिजलेली प्रत आधी तिथे फाटते. ए बाजूचं शेवटचं 'आउट ऑन द टाइल्स' लावा आणि झांजा ऐका. त्या वाळू ओतल्यासारख्या वाजत असतील तर पूर्वीच्या मालकाची सुई झिजलेली होती. या दोषाला कुठलंही धुणं पुरत नाही. एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं आयुष्य ऑडिओ-टेक्निका ३०० तास धरते, तेव्हा तारीख लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या मालकाला तुम्ही तेच द्याल.

पावसाळा

रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक कधीच नाहीत. शंभर एलपी वीस-पंचवीस किलो भरतात, तेव्हा प्लायची लवचिक फळी नको. कोकणात, गोव्यात, मुंबईत बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. बाहेरची पिशवी पॉलिप्रॉपिलिनची घ्या. पीव्हीसीच्या जाड पिशव्या वर्षांनी रेकॉर्डवर धुरकट थर सोडतात. पिशवीचं तोंड वरून उघडं असू द्या. चिकटपट्टीने बंद केलीत तर ओल आतच कोंडते आणि गणपतीपर्यंत चाकाला केस फुटतात. चाकाच्या कप्प्यात लायनर नोट्स, बिलं, काही कोंबू नका.

बाजू मांडायची वेळ

रेकॉर्ड ऐकायला जमलेल्या चौघांत एक तरी म्हणतोच, "थ्री म्हणजे ते ॲकूस्टिक प्रकरण ना? दुसरा लाव." ॲकूस्टिक म्हणजे विजेशिवायच्या वाद्यांचं. त्याला उत्तर तोंडाने देण्याआधी सुईने द्या, आणि बी बाजू आधी लावा. ए बाजू 'इमिग्रंट साँग'ने सुरू होते, ते अडीच मिनिटांचं वादळ ऐकून माणूस आणखी तसंच मागतो आणि पुढे खट्टू होतो. १९७० मध्ये हेच झालं. दुसऱ्या अल्बमच्या गडगडाटाला वर्ष झालं होतं, दुकानात रांगा लागल्या, ब्रिटन-अमेरिकेत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, आणि घरी जाऊन लोकांनी बँजो ऐकला.

बी बाजूचं पहिलं गाणं 'गॅलोज पोल', फाशीच्या खांबाखाली उभ्या माणसाचं पारंपरिक लोकगीत. सुरुवातीला एकटी गिटार, मग मँडोलिन, मग बँजो, मग ड्रम, आणि शेवटी सगळं धावत सुटतं. भजनात ठाय लयीतून द्रुतात जावं तसं. बँजो बँडमधल्याच जॉन पॉल जोन्सचा होता, पेजने तो तोवर कधी वाजवला नव्हता. मग 'दॅट्स द वे' पूर्ण ऐकवा, मध्ये बोलू देऊ नका. वेल्समधल्या ब्रॉन-यर-आर या वीज नसलेल्या झोपडीत पेज आणि प्लांट १९७० मध्ये राहिले, तिथे फिरायला जाताना टेपरेकॉर्डर बरोबर होता, त्यात हे गाणं पहिल्यांदा उतरलं. 'रोलिंग स्टोन' मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जने अल्बमची खिल्ली उडवली, पण या गाण्यापाशी तोही नमला. पुढच्या 'ब्रॉन-यर-आर स्टॉम्प'च्या नावात कव्हरवर त्याच झोपडीचं स्पेलिंग चुकलंय. ते गाणं प्लांटच्या कुत्र्यावर आहे, बॉनम त्यात चमचे वाजवतो.

समोरचा म्हणेल, "त्या काळची फॅशन होती, क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश या ॲकूस्टिक वळणाच्या बँडची नक्कल केली." इथे पहिला अल्बम काढा. १९६९ च्या त्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' आहे, ॲकूस्टिक गिटार आणि तबला, तबल्यावर विराम जसानी. म्हणजे ही ओढ पहिल्या दिवसापासूनची. मग चौथा अल्बम काढा आणि विचारा, 'गोइंग टू कॅलिफोर्निया' आणि 'बॅटल ऑफ एव्हरमोर' कुठून आले? त्या झोपडीशिवाय ते आले असते का? आणि चौथ्या अल्बमच्या कव्हरवर बँडचं नावच नाही, ते कशामुळे, तर थ्रीच्या वेळी समीक्षकांनी झोडपलं त्याचा राग.

कबूल करायचं ते कबूल करा, त्याने तुमचं वजन वाढतं. 'हॅट्स ऑफ' मी स्वतः दहातल्या आठ वेळा सुई उचलून टाळतो. ए बाजूची गाणी एकमेकांच्या शेजारी नीट बसत नाहीत, हा आक्षेपही मला खोडता आलेला नाही. पण मग 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' लावा, कुईं-कुईंसकट. आवाज येताच समोरचा तुमच्या टर्नटेबलकडे संशयाने बघेल. त्याला लेबलकडे बघायला सांगा.

आणि हुकमाचं पान शेवटी. 'फ्रेंड्स' लावा. खाली धरून ठेवलेला षड्ज, वर टोचणारा तीव्र मध्यम, मागे व्हायोलिनांचा रेटा. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये त्यांनी वाजवलंही, आणि हेच गाणं इथल्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ते टेप ४३ वर्षं पडून होते. २०१५ मध्ये झेपलिनच्याच 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत बाहेर आले, श्रेय 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असं. आधी थ्रीवरचं ऐकवा, मग मुंबईचं. बॉनमच्या काँगांच्या (हाताने वाजवायचे उभे ढोल) जागी तबला येतो तेव्हा आमच्याकडे दर वेळी कोणीतरी "थांब, परत लाव" म्हणतं. तेवढ्यात कव्हर त्याच्या हातात द्या. दहा मिनिटं तो चाक फिरवत बसतो आणि दुसरा अल्बम लाव म्हणत नाही.